लिस्बनला न गेलेला फॉरवर्ड

तुळशीबागेतून लक्ष्मी रस्त्यावर आलं की कपड्यांच्या पथाऱ्यांवर पोर्तुगालची लाल जर्सी हमखास लटकलेली दिसते. पाठीवर सात नंबर आणि रोनाल्डोचं नाव. बुधवार पेठेतली शाळकरी पोरं ती घासाघीस करून घेतात आणि तिचा रंग उडेपर्यंत घालतात. ‘पोर्तुगालचा फॉरवर्ड’ म्हटलं की आज पुण्यात हे एकच नाव निघतं. जरा वयस्कर, वाचणारा माणूस असेल तर तो युसेबियोचं नाव घेईल, १९६६च्या विश्वचषकातले त्याचे नऊ गोल सांगेल. त्यामागे कोण होतं, हे मात्र आपल्याकडे फारसं कुणी विचारत नाही.

विचारलं तर एक विलक्षण गोष्ट हाती लागते. विसाव्या शतकाच्या मध्यावर पोर्तुगालच्या मैदानांवर ज्यांनी गोलांचा पाऊस पाडला, त्यांतले मोठमोठे फॉरवर्ड मुळी पोर्तुगालात जन्मलेच नव्हते. फर्नांदो पेयरोतेओ अंगोलातल्या हुंपाता गावचा. जुझे आग्वाश त्याच अंगोलातल्या लुआंडाचा. मातातेउ मोझांबिकच्या लोरेन्सो मार्किस शहरातला, म्हणजे आजच्या मापुतोचा. युसेबियोही तिथलाच. आफ्रिकेतल्या वसाहतींनी लिस्बनला फॉरवर्ड पुरवले आणि लिस्बनच्या क्लबांनी त्यांच्या जिवावर युरोप जिंकला.

मग गोव्याचं काय? गोवाही त्याच सत्तेखाली होता, आणि अंगोला-मोझांबिकइतकाच जुना मुलूख होता. फुटबॉलचं वेड तिथेही गावागावांत मुरलं होतं. तिथे त्या काळात एकही मोठा फॉरवर्ड निपजला नाही का?

निपजला. बार्देश तालुक्यातल्या आसगावच्या कुटुंबातला नेव्हिल डिसूझा. तो लिस्बनला गेला नाही, मुंबईत खेळला. आणि १९५६ साली मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये त्याने भारतासाठी हॅटट्रिक केली. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई खेळाडू.

आफ्रिकेतून लिस्बनला जाणारी वाट कशी तयार झाली, ते आधी पाहायला हवं, कारण गोव्याची वाट वेगळी का पडली हे त्याशिवाय समजत नाही.

पेयरोतेओचा जन्म १९१८चा. १९३७ साली तो स्पोर्टिंग लिस्बनकडे आला आणि १९४९पर्यंत तिथेच खेळला. पोर्तुगालच्या लीगमध्ये त्याने १९७ सामन्यांत ३३०च्या वर गोल केले. सामन्यामागे दीडपेक्षा जास्त! आजच्या बचावफळ्यांसमोर असे आकडे निघणार नाहीत हे खरं, तरी त्याच्या काळातही दुसऱ्या कुणाला ते जमले नव्हते. स्पोर्टिंगच्या त्या आघाडीफळीतल्या पाच जणांना लोक ‘पाच व्हायोलिन’ म्हणत. जेझुश कुरैया, व्हाश्केश, पेयरोतेओ, त्राव्हासुश आणि अल्बानु. पेयरोतेओ त्यात मधला. धिप्पाड, थेट गोलकडे धावणारा, दोन्ही पायांनी मारणारा. एकतिसाव्या वर्षीच तो थांबला. लिस्बनमध्ये त्याचं खेळाच्या सामानाचं दुकान होतं, त्यावर कर्ज झालं होतं, आणि निरोपाच्या सामन्यातून आलेल्या पैशांतून त्याने ते फेडलं. देशातल्या सर्वांत मोठ्या फॉरवर्डची ही परिस्थिती! त्या काळी फुटबॉलमध्ये पैसा किती होता, याचा अंदाज यावरून करावा.

मातातेउ १९५१मध्ये लिस्बनच्या बेलेनेन्सेस क्लबकडे आला. दोन वेळा लीगमधला सर्वाधिक गोल करणारा ठरला. मे १९५५मध्ये पोर्तुमध्ये पोर्तुगालने इंग्लंडला पहिल्यांदा हरवलं, ३–१ असं. त्या सामन्यात गोल कुणी केले? आग्वाशने आणि मातातेउने. म्हणजे पोर्तुगालचे तिन्ही गोल आफ्रिकेत जन्मलेल्यांचे. याच आग्वाशच्या नेतृत्वाखाली बेनफिकाने १९६१ आणि १९६२ अशी लागोपाठ दोन वर्षं युरोपियन कप जिंकला. दुसऱ्या वर्षी अंतिम सामन्यात रेआल माद्रिदला ५–३ हरवताना युसेबियोने दोन गोल केले, तेव्हा तो वीस वर्षांचा होता.

ही वाट योगायोगाने पडलेली नव्हती. आफ्रिकेतल्या वसाहतींत लिस्बनच्या मोठ्या क्लबांच्या शाखा होत्या. युसेबियो लहानपणी ज्या क्लबात खेळला तो स्पोर्टिंगचीच शाखा होता, म्हणून तर त्याच्यावर हक्क कुणाचा यावरून बेनफिका आणि स्पोर्टिंग यांच्यात मोठा तंटा झाला. शाखा होत्या, पारखी नजरा होत्या, लिस्बनला जाणारी बोट होती. त्यातच १९५१ साली पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या सरकारने वसाहतींना ‘सागरापलीकडचे प्रांत’ असं नाव दिलं. अंगोला, मोझांबिक, गोवा या वसाहती नसून पोर्तुगालचाच भाग आहेत, असं जगाला पटवायचं होतं. काळ्या कातडीचा खेळाडू राष्ट्रीय संघाच्या जर्सीत गोल करतो, याहून चांगली जाहिरात कुठली? त्या मुलुखात सामान्य काळ्या माणसाला सक्तीच्या मजुरीला जुंपलं जात होतं, ही त्याच चित्राची दुसरी बाजू. मातातेउच्या गोलांचं कौतुक करताना ती विसरता येत नाही.

गोव्यात फुटबॉल आला तो पोर्तुगिजांकडून नव्हे, एका ब्रिटिश धर्मगुरूकडून. फादर विल्यम लायन्स हे १८८३ साली प्रकृती सुधारण्यासाठी शिवोलीला येऊन राहिले आणि त्यांनी मुलांना हा खेळ दिला. तिथून तो चर्चच्या शाळांमधून आणि गावच्या फेस्तांमधून पसरला. भाताची कापणी झाली की मोकळ्या शेतात गावागावांचे सामने होत, आणि ते आजही होतात. पोर्तुगीज सरकारचं या खेळाकडे खरं लक्ष गेलं ते फार उशिरा. १९५१मध्ये क्रीडा परिषद निघाली, गोव्याची फुटबॉल संघटना तर १९५९मध्ये, म्हणजे पोर्तुगीज सत्ता जायला दोन वर्षं उरली असताना. लिस्बनच्या क्लबांनी आफ्रिकेत जाळं टाकलं तसं गोव्यात टाकलं नाही.

त्याहून मोठं कारण पोटाचं होतं. गोव्यातला माणूस कामासाठी लिस्बनला जात नव्हता. तो मुंबईला येत होता. एकोणिसाव्या शतकापासून ही रीघ लागली होती. स्वयंपाकी, बोटीवरचे तारवटी, बँडवाले, शिंपी, कारकून, आया, नर्सेस. मुंबईत नव्याने आलेल्या तरुणाने राहायचं कुठे? तर आपल्या गावच्या ‘कुडा’त. धोबीतलावाच्या परिसरात, माझगावात असे शेकडो कूड होते, प्रत्येक गावाचा आपापला. त्यातले काही अजून आहेत. एखाद्या जुन्या इमारतीचा मजला, लांबलचक खोली. भिंतीलगत ओळीने लावलेल्या पत्र्याच्या ट्रंका, प्रत्येकावर मालकाचं नाव रंगवलेलं. एका टोकाला वेदी, तिच्यावर गावच्या संताची मूर्ती. रात्री ठरल्या वेळी सगळ्यांनी मिळून रोझरी म्हणायची, ती चुकवायची नाही. भाडं नाममात्र. झोपायला चटई. बोट येईपर्यंत तारवटी इथे थांबणार, नोकरी लागेपर्यंत नवा पोरगा इथेच राहणार. गाव सोडून आलेल्या माणसाला गाव पुरवणारी ही व्यवस्था होती. मुंबईत गोमंतकीय समाज टिकला, वाढला, त्याने शहराला संगीत दिलं, हॉकी दिली, फुटबॉल दिला, त्याच्या मुळाशी ही खोली आहे.

या समाजाच्या पोरांना मुंबईत फुटबॉलही आयता मिळाला. ब्रिटिश पलटणींनी १८९१मध्ये सुरू केलेला रोव्हर्स कप होता. हारवूड लीग होती. कूपरेजचं मैदान होतं, क्रॉस मैदान होतं, आझाद मैदान होतं. मुंबईत फुटबॉलचा मोसम पावसाळ्यातला. क्रिकेटची खेळपट्टी झाकली की गोलपोस्ट उभे राहत. गुडघाभर नसला तरी घोटाभर चिखल, पाणी पिऊन जड झालेला चामड्याचा चेंडू, आणि तो डोक्याने मारायचा म्हणजे कपाळाला झिणझिण्या. या चिखलात चेंडू पायाशी ठेवणारा खेळाडू कोरड्या हिरवळीवर किती सहज खेळेल, हे सांगायला नको.

नेव्हिलचा जन्म ३ ऑक्टोबर १९३२चा. त्याचं नाव झालं ते टाटा स्पोर्ट्‌स क्लबकडून. त्या काळचं भारतीय फुटबॉल समजून घ्यायचं तर ही कंपनी-संघांची पद्धत ध्यानात घ्यावी लागते. कलकत्त्यात मोहन बागान, ईस्ट बंगाल, मोहम्मेडन स्पोर्टिंग असे लोकांचे क्लब होते, त्यांच्यामागे लाखांचा जमाव होता. मुंबईत मात्र टाटा, कालटेक्स, रेल्वे अशा कंपन्यांचे आणि खात्यांचे संघ. खेळाडूला नोकरी मिळायची, पगार नोकरीचा. खेळाचे पैसे असे वेगळे नाहीत. पण महिन्याच्या महिन्याला पगार आणि निवृत्तीनंतरही काहीतरी हातात, हे आसगावच्या किंवा परळच्या घराला फार मोठं होतं. बंगालमध्ये पी. के. बॅनर्जीसारखा खेळाडूही पूर्व रेल्वेकडून खेळला तो याच हिशेबाने. लिस्बनच्या मोठ्या क्लबातला पेयरोतेओ कर्जात आला, आणि मुंबईच्या कंपनीतल्या खेळाडूला महिनाअखेर पगाराची खात्री होती! सुरक्षिततेच्या बाबतीत मुंबईची वाट लिस्बनपेक्षा कमी नव्हती, असं माझं स्पष्ट मत आहे. कमी पडली ती कीर्तीच्या बाबतीत.

१९५४मध्ये मुंबईने संतोष ट्रॉफी जिंकली. राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या या स्पर्धेवर बंगालचा पगडा असताना मुंबईने ती उचलली, याचं महत्त्व फुटबॉल जाणणाऱ्यांना कळेल. मुंबईच्या आघाडीफळीतला हा तरुण भारतीय संघात गेला तो याच वर्षांत.

भारतीय संघाची तेव्हाची अवस्था काय होती? १९४८च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले, फ्रान्सशी २–१ने हरले, आणि त्यांचं जगभर कौतुक झालं. १९५२मध्ये हेलसिंकीला मात्र युगोस्लाव्हियाने दहा गोल चढवले. १०–१. थंडीत, ओल्या मैदानावर अनवाणी पायांचा निभाव लागला नाही. त्यानंतर बूट सक्तीचे झाले. आणि संघ हैदराबादच्या सय्यद अब्दुल रहीम यांच्या हाती होता.

रहीमसाहेब मुळात शाळामास्तर. हैदराबाद सिटी पोलिसांचा संघ त्यांनी असा घडवला की १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं त्याने मुंबईत येऊन रोव्हर्स कप नेला. कूपरेजच्या प्रेक्षकांनी तो खेळ वर्षानुवर्षं पाहिला. रहीमसाहेबांचा भर एकाच गोष्टीवर, चेंडू पायात धरून ठेवू नका, पुढे द्या. ते अशा स्पर्धा भरवत की ज्यात ड्रिबलिंगला बंदी. किंवा अशा, की उजव्या पायाच्या खेळाडूने डाव्यानेच खेळायचं. आपल्याकडच्या खेळाडूला एकट्याने चार जणांना चकवण्याची हौस भारी. ती मोडून त्यांनी अकरा जणांचा संघ उभा केला.

तेव्हा जगभर चालणारी मांडणी म्हणजे डब्ल्यू-एम. पुढे पाच जण, त्यांच्या जागा जोडल्या की इंग्रजी डब्ल्यू अक्षर होतं. दोन टोकांना विंगर, मध्ये सेंटर फॉरवर्ड, आणि या तिघांच्या जरा मागे दोन इनसाइड. विंगरने कडेने धावत जाऊन चेंडू मध्ये उचलायचा, सेंटर फॉरवर्डने त्याच्यावर झडप घालायची. समोर त्याच्या अंगाला चिकटलेला एक सेंटर हाफ असतो. दोघांची जुगलबंदी नव्वद मिनिटं चालते. सेंटर फॉरवर्डला चेंडू फार वेळा मिळत नाही, आणि मिळाला की विचाराला वेळ नसतो. म्हणून त्याचं खरं कौशल्य चेंडू येण्याआधीचं. कुठे उभं राहायचं, कधी अर्धं पाऊल मागे घ्यायचं, गोलरक्षकाच्या हातून चेंडू सुटलाच तर तो कुठे पडेल. जो हे आधी ओळखतो तो गोल करतो, आणि पाहणाऱ्यांना वाटतं की नशीबवान आहे. पेयरोतेओबद्दल हेच म्हटलं जाई. नेव्हिलचेही गोल याच जातीचे.

१९५६चं मेलबर्न ऑलिम्पिक नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये झालं, कारण तिकडे तो उन्हाळा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हंगेरीत उठाव झाला, सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरले, आणि अनेक देशांनी ऑलिम्पिककडे पाठ फिरवली. फुटबॉलमध्ये शेवटी अकराच संघ उरले. भारताची पहिली गाठ हंगेरीशीच पडायची होती. हंगेरीचा फुटबॉल संघ आला नाही आणि भारताला पुढे चाल मिळाली. उपान्त्यपूर्व फेरीत समोर यजमान ऑस्ट्रेलिया.

१ डिसेंबर १९५६. भारताचा कर्णधार समर बॅनर्जी, ज्याला सगळे बद्रू म्हणत. पी. के. बॅनर्जी आणि तुलसीदास बलराम, दोघेही विशीतले. कृष्णस्वामी, ज्यांना मैदानावर किट्टू म्हणत. गोलरक्षकांत पीटर थंगराज, आणि मुंबईत वाढलेला एस. एस. नारायण. आणि मध्ये नेव्हिल, चोवीस वर्षांचा.

नवव्या मिनिटाला नेव्हिलने पहिला गोल केला. ऑस्ट्रेलियाच्या ब्रूस मॉरोने सतराव्या मिनिटाला बरोबरी केली. तेहेतिसाव्या मिनिटाला पुन्हा नेव्हिल, २–१. मध्यंतराला थोडी मिनिटं उरली असताना पुन्हा मॉरो, २–२. इथे यजमान संघ सामना फिरवतो असा सगळीकडचा अनुभव. प्रेक्षक त्यांचे, मैदान त्यांचं, अंगाने ते दांडगे, आणि दोनदा पुढे जाऊनही भारताला आघाडी राखता आलेली नाही. मध्यंतरानंतर पाचच मिनिटांत नेव्हिलने तिसरा गोल केला. हॅटट्रिक. ऐंशीव्या मिनिटाला किट्टूने चौथा मारला आणि सामना ४–२ असा संपला. ऑलिम्पिक फुटबॉलच्या उपान्त्य फेरीत पोचलेला भारत हा आशियातला पहिला देश.

या तीन गोलांच्या वेळा मला गोलांपेक्षाही बोलक्या वाटतात. पहिला, सामना नुकता सुरू झाल्यावर, समोरचा संघ अंदाज घेत असताना. दुसरा, बरोबरी झाल्यावर. तिसरा, दुसऱ्यांदा बरोबरी झाल्यावर, मध्यंतरातून परत येताच. म्हणजे प्रत्येक गोल संघाला त्याची नड असताना आलेला आहे. सात-आठ गोलांच्या सामन्यात सहावा आणि सातवा मारून झालेल्या हॅटट्रिक पुष्कळ असतात. ही तशी नाही.

उपान्त्य सामना ४ डिसेंबरला, मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर, आणि समोर तोच युगोस्लाव्हिया. चार वर्षांपूर्वी दहा गोल मारणारा. हा संघ त्या काळात सलग तीन ऑलिम्पिकमध्ये अंतिम सामना खेळला आणि चौथ्यात सुवर्णपदक जिंकला. मध्यंतरापर्यंत भारताने त्यांना गोल करू दिला नाही. बावन्नाव्या मिनिटाला नेव्हिलने गोल केला आणि भारत १–० असा पुढे गेला! जेमतेम दोन मिनिटं. मग पापेक, मग व्हेसेलिनोविच, पुन्हा पापेक, आणि शेवटी आपल्याच सलामच्या पायाला लागून एक. ४–१ने हार. पण १०–१ आणि ४–१ यांच्यात चार वर्षांची मेहनत आहे, आणि त्या ४–१मध्ये आपण आघाडीवर होतो, ही दोन मिनिटं भारतीय फुटबॉलच्या इतिहासातली सर्वांत उंच जागा आहे असं मी मानतो. त्यानंतर ऑलिम्पिकच्या अंतिम सामन्याच्या इतकं जवळ आपण कधी गेलेलो नाही.

कांस्यपदकाच्या सामन्यात बल्गेरियाने आपल्याला ३–० हरवलं. भारत चौथा. नेव्हिलचे गोल चार. युगोस्लाव्हियाचा व्हेसेलिनोविच आणि बल्गेरियाचा मिलानोव्ह यांच्याबरोबर तो स्पर्धेतला सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला. हे दोघे सरकारी खर्चाने वर्षभर फक्त फुटबॉल खेळणाऱ्या देशांचे. नेव्हिल मुंबईच्या कंपनी-संघातला.

आणि त्याच दिवसांत गोव्यात काय चाललं होतं? पुण्याच्या वाचकाला याचा संदर्भ सांगायला नको. गोवा मुक्तीच्या सत्याग्रहाची सूत्रं पुण्यातूनच हलत होती. केशवराव जेधे, जयंतराव टिळक यांच्या पुढाकाराने गोवा विमोचन सहायक समिती उभी राहिली. १८ मे १९५५ला नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली पहिली तुकडी गोव्याच्या हद्दीत शिरली. १५ ऑगस्टला देशभरातून आलेल्या निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार झाला, वीसहून अधिक माणसं मेली. त्यानंतर सीमा बंद झाली, रेल्वे थांबली. कुडात राहणाऱ्या माणसाला आईचं आजारपण कळलं तरी गावी जाणं मुश्किल झालं.

नानासाहेबांना पोर्तुगीज लष्करी न्यायालयाने दहा वर्षांची शिक्षा दिली आणि आग्वादच्या किल्ल्यात ठेवलं. १९५७च्या सुरुवातीला ते सुटले. म्हणजे मेलबर्नमध्ये नेव्हिल डिसूझा भारताच्या जर्सीत ऑस्ट्रेलियावर तीन गोल मारत होता, त्या दिवशी पुण्याचे नानासाहेब गोरे आग्वादच्या कोठडीत होते. आग्वाद आणि आसगाव, दोन्ही बार्देश तालुक्यात. नकाशावर हाताच्या बोटांत मावेल इतकं अंतर. गोवा पोर्तुगालचाच आहे आणि गोवेकरांना भारत नको आहे, असं लिस्बन जगाला ओरडून सांगत असताना बार्देशाच्या मुळाचा एक तरुण जगासमोर भारताकडून खेळत होता. त्याने यावर भाषण केलं नाही, त्याचं ते कामही नव्हतं. त्याला आणि त्याच्यासारख्या हजारो कुटुंबांना आपलं आयुष्य कुठे आहे हे कधीच ठाऊक झालं होतं. १९ डिसेंबर १९६१ला गोवा मुक्त झाला तो राजकीय शिक्का होता. पोटाने, नात्याने, खेळाने गोवा मुंबईशी त्याआधी शंभर वर्षं बांधलेला होता.

मेलबर्ननंतर नेव्हिलचं काय झालं? युरोपात अशा खेळाडूच्या दारात दुसऱ्या दिवशी क्लबांची माणसं उभी राहिली असती. आपल्याकडे तो परत आला आणि मुंबईत खेळत राहिला. १९६०च्या रोम ऑलिम्पिकच्या संघात तो नव्हता. १९६२मध्ये जाकार्ताला रहीमसाहेबांच्या संघाने अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला २–१ हरवून आशियाई सुवर्ण जिंकलं, त्यातही नव्हता. त्या सुवर्णसंघात गोव्याचा माणूस होता तो फोर्तुनातो फ्रांको, कोलवाळचा. तोही मुंबईच्याच मैदानांवर वाढलेला. २०२१मध्ये तो गेला. जाकार्तानंतर वर्षभराच्या आत, जून १९६३मध्ये, रहीमसाहेब कर्करोगाने गेले आणि भारतीय फुटबॉलचा तो काळ तिथेच संपला.

गोवा मुक्त झाल्यावर मात्र वाट उलटी फिरली. खाणमालकांनी आणि उद्योगपतींनी धेंपे, सेझा असे संघ उभे केले. ज्या खेळाडूला पूर्वी मुंबई गाठावी लागे, त्याला आता वास्को-पणजीतच नोकरी मिळू लागली. १९८३-८४ची संतोष ट्रॉफी गोव्याने जिंकली तेव्हा ब्रह्मानंद शंखवाळकर गोलात होता आणि साऱ्या स्पर्धेत गोव्यावर एकही गोल झाला नाही. मुंबईला पूर्वी गोव्याकडून जे मिळत होतं ते आटलं, आणि मुंबईच्या फुटबॉलची उतरण त्याच काळातली, हा केवळ योगायोग मला वाटत नाही.

नेव्हिल डिसूझा १७ मार्च १९८०ला वारला. वय सत्तेचाळीस. अर्जुन पुरस्कार १९६१मध्ये सुरू झाला. पहिल्याच वर्षी फुटबॉलसाठी पी. के. बॅनर्जीला मिळाला, पुढच्या वर्षी बलरामला, मग चुनी गोस्वामीला. तिघेही थोर, त्यांच्याबद्दल शंका नाही. पण मेलबर्नच्या चार गोलांचा मानकरी अर्जुनाच्या यादीत कुठेच नाही. ही आपली मोठी चूक आहे. ऑलिम्पिकमध्ये सर्वाधिक गोल करणाऱ्यांत नाव असलेला दुसरा भारतीय फुटबॉलपटू आजवर झालेला नाही.

आणि मराठीत? आप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत क्रिकेटवरची मराठी पुस्तकं हवी तेवढी मिळतात. गावसकर, वाडेकर, तेंडुलकर, सगळे आहेत, असायलाच हवेत. फुटबॉलवर मराठीत मागाल तर फार तर पेले, मॅराडोना, मेस्सी यांची चरित्रं पुढे येतील. कोल्हापूरसारखं शहर आपल्याकडे आहे, जिथे पाटाकडील तालीम आणि खंडोबा तालीम यांच्या सामन्याला शाहू स्टेडियम भरून जातं आणि पेठापेठांतून वाद झडतात. म्हणजे आवड नाही असं म्हणता येणार नाही. मराठी क्रीडालेखनाने फुटबॉलला परका खेळ मानलं, आणि मुंबईच्या मैदानांवर खेळणाऱ्या फ्रांको, डिसूझा अशा आडनावांना कळत-नकळत वेगळं ठेवलं. हे खेळाडू आपल्याच शहरात राहिले, लोकलने प्रवास करून कूपरेजला गेले, आणि त्यांचे सामने पाहायला गिरणगावातले मराठी कामगार जात. २०२४मध्ये ‘मैदान’ हा हिंदी चित्रपट आला तेव्हा रहीमसाहेबांचं नाव नव्या पिढीच्या कानावर पडलं. ते चांगलंच झालं. पण पडद्यावरच्या तीन तासांत एका फॉरवर्डची कारकीर्द मावत नाही, ती लिहावी लागते.

ती लिहायची तर साधनं अजून आहेत. बुधवार पेठेतलं पुणे नगर वाचन मंदिर १८४८पासूनचं आहे, मुंबईत मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली अशा संस्थांमधून शोधता येतात. याहून मोलाचा ठेवा घराघरांत आहे. पन्नास-साठच्या दशकात कूपरेजला जाणारे, कंपनीच्या संघांतून खेळलेले, रोव्हर्स कपची तिकिटं जपून ठेवलेले लोक आता नव्वदीला आले आहेत. त्यांच्या मुला-नातवंडांना माझी विनंती आहे : माळ्यावरची ट्रंक उघडा, संघाचे फोटो असतील तर मागे नावं लिहून घ्या, कात्रणांवर तारीख टाका, आजोबांना बोलतं करून फोनवर ध्वनिमुद्रण करा आणि त्याची एक प्रत जवळच्या ग्रंथालयात द्या. रद्दीवाल्याकडे गेलेला फोटो परत येत नाही.

मुंबईत वांद्र्याला नेव्हिल डिसूझाच्या नावाचं फुटबॉल मैदान आहे. मुंबईच्या लीगचे सामने तिथे होतात, आणि तिथे खेळणाऱ्या बहुतेक मुलांनी त्याचा एकही गोल पाहिलेला नाही.